नळ कोरडे पडले तेव्हा

संगणकाच्या जगात एका कल्पनेचा बराच बोलबाला आहे. यंत्रणा चालू असतानाच तिने आपला बिघडलेला भाग ओळखावा, दुसरा जोडून घ्यावा, आणि काम मात्र थांबू देऊ नये. रॉस ॲशबी या इंग्रज मानसरोगतज्ज्ञाने १९४८ साली ‘होमिओस्टॅट’ नावाचे यंत्र बांधले. त्याचा तोल ढळला की ते स्वतःच्या जोडण्या बदलीत राही, पुन्हा तोल सापडेपर्यंत! २००१ मध्ये आयबीएमने हेच सॉफ्टवेअरसाठी मांडले. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या मास्तराला याचं काय?

तर चला कसबा पेठेत. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. पाणी ओसरलं, पण नळ कोरडे! शहराची सारी भिस्त खडकवासल्यावर, आणि तेच रिकामे झालेले. शहर काही दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही.

मग उपयोगी पडल्या वाड्यांतल्या विहिरी, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, बांधलेला कात्रजचा नळ. तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी बांधकामातून, केवळ उताराच्या जोरावर शहरातल्या हौदांत येई. कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत उच्छ्वास. मुख्य म्हणजे त्याचा उगम मुठेवर नव्हता. कोणत्या विहिरीत पुराची घाण गेली, कोणती शाबूत आहे, ही बातमी तोंडोतोंडी फिरायची आणि घागरी तिकडे वळायच्या.

घागर म्हटलं ती सहज नव्हे. विहीर असो, हौद असो, नळ असो, घागर सगळीकडे चालते. म्हणून पाण्याचा ठिकाणा बदलला तरी स्वयंपाकघराला काही बदलावे लागले नाही. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांची निम्मी मेहनत असली ‘घागर’ ठरवण्यातच जाते: भाग कोणताही येवो, जोडणीचं तोंड एकच. उरलेली निम्मी खरी अवघड. बदली भाग रोजच्या वापरात नसताना जिवंत कसा ठेवायचा? खर्च दिसतो, उपयोग दिसत नाही. (आमच्या महापालिकांनाच का, घरोघरीही हा हिशेब असाच चालतो.)

पुढे वाडे पडले, इमारती उठल्या. कसब्यातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या. काहींवर आता स्कूटरी उभ्या असतात.