उशिरा लिहिलेलं बालपण

उतारवयात लिहिलेल्या आठवणींवर एक ठरलेला आक्षेप असतो: पन्नास वर्षांनी सांगितलेलं कितपत खरं मानायचं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की आम्ही त्याच क्षणी नोंदला गेलेला लॉग बघतो; 'मला असं आठवतंय' याला तिथे फारशी किंमत नसते. पण आपल्याकडच्या बायकांची आत्मचरित्रं वाचताना जाणवलं, की हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो. घडलं तेव्हा सांगणारीला लिहिता येत होतं, ही.

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६३चा. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिशी ओलांडलेल्या महादेव गोविंद रानड्यांशी त्यांचं लग्न झालं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून; आणि त्यासाठी घरातल्या बायकांचे टोमणे खावे लागले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं १९१० साली. १९०१च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांमागे एकही साक्षर नव्हती, हे लक्षात घेतलं तर प्रश्न उलटा होतो. त्या मुलीच्या बालपणाची नोंद त्याच वेळी करणार कोण होतं?

लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपात यायला लागलं १९३४पासून, म्हणजे त्या पासष्टीच्या पुढे असताना. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात वापरायची नाही. त्या घरातली लहान मुलगी त्या धाकाखाली दबून असणार. म्हातारपणी लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई मात्र त्यावर हसतात. मधल्या काळात त्यांनी नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट आणि पुढे स्वतःचंही धर्मांतर पाहिलं होतं. सोवळ्याचा फोलपणा कळायला एवढं आयुष्य जावं लागलं. उशिरा लिहिण्यात तपशील निसटतात हे खरं, पण अर्थ उशिराच लागतो हेही खरं.

फलटणच्या बेबी कांबळे यांना लिहिता येत होतं, तरी लिहिणं सोपं नव्हतं. दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून त्यांनी लिहिलं आणि कितीतरी वर्षं ते कागद दडवून ठेवले. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून १९८६ साली आलं. महारवाड्यातलं त्यांचं बालपण त्याआधी कुठल्या दप्तरात सापडलं असतं?

माझ्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण खरी तारीख कुणालाच माहीत नाही. तिचं लग्न झालं 'दुष्काळाच्या आदल्या साली'. हा १९७२चा दुष्काळ. त्यामुळे साल काढता येतं. त्यासाठी सरकारी कागद आहेत. पण रोजगाराच्या कामावर खडी फोडून आल्यावर तांबड्या मिलोची भाकरी थापताना तिला कशा भेगा पडायच्या, आणि सुकडी मिळाली की त्यातली मूठभर धाकट्या दिरासाठी पदरात कशी बांधून आणायची, हे त्या कागदांत नाही. ते फक्त तिच्यापाशी आहे. तिने ते कधी लिहिलं नाही, कारण तिला शाळेतच घातलं नव्हतं.

म्हणून मी दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतो. साल, आकडे, आदेश यांसाठी दप्तर. भाकरी, धाक आणि लाज यांसाठी आजी. तिच्या आठवणीतलं साल चुकलं म्हणून तिची भाकरी खोटी ठरत नाही.

दुष्काळात हाताला घट्टे पडलेली ही पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. आपल्या खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. विचारताना 'कोणत्या साली?' असं विचारलं की त्या 'मला अडाणीला काय ठाऊक' म्हणून गप्प होतात. 'तेव्हा चुलीवर काय असायचं?' असं विचारून बघा. मग बराच वेळ बोलतात.