आईच्या लक्षात किती राहिलं?

कंपनी कायदा, २०१३ने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. २०२१पासून मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचं मूल्यमापनही सक्तीचं झालं. पण असे अहवाल चाळले तर आकडे भेटतात ते वाटपाचे. इतक्या सायकली, इतकी शिबिरं, इतके लाभार्थी. त्यातून लोकांच्या आयुष्यात काय बदललं, हे कळत नाही.

हा पेच चार दशकांपूर्वी बांगलादेशात एका हिशेबनिसाने हाताळला होता. फजले हसन आबेद लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकले आणि चितगावमध्ये शेल तेल कंपनीच्या वित्त विभागाचे प्रमुख झाले. १९७१च्या मुक्तिसंग्रामानंतर परतलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी १९७२मध्ये ‘ब्रॅक’ ही संस्था उभी केली. पुढे कारागिरांच्या वस्तू विकणारी दुकानं, दुग्धव्यवसाय, बँक असे उद्योगही तिने चालवले. दुकानाचा नफा वहीत मांडता येतो. वाचलेल्या मुलाची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

त्या काळी हगवणीने तिथली असंख्य मुलं दगावत. उपाय मात्र हाताशी होता. मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून पटकीचा रुग्ण सावरतो, हे ढाक्याच्या संशोधकांनी १९६८मध्ये दाखवून दिलं होतं. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेच पाणी वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आता हे ज्ञान खेड्यातल्या चुलीपर्यंत न्यायचं होतं. १९८०मध्ये ब्रॅकच्या महिला कार्यकर्त्या घरोघरी निघाल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिवाय लक्षात ठेवायचे मोजके मुद्दे.

यात पगाराची पद्धत वेगळी होती. किती घरं फिरलात, याचे पैसे नव्हते. महिनाभराने दुसराच माणूस त्यातल्या काही निवडक घरी जाई. कोणत्या घरी जाणार, हे कार्यकर्तीला आधी ठाऊक नसे. तो आईला मुद्दे विचारी, तिच्याकडून पाणी बनवून घेई आणि त्यातलं मिठाचं प्रमाण तपासलं जाई. आईच्या लक्षात जितकं राहिलं, तितका मोबदला.

मोजमापाने शिकवणं सुधारलं, पण एक खोट उघडी पडली. आयांना सगळं पाठ होतं, तरी मूल आजारी पडलं की फार थोड्या जणी ते पाणी देत. संस्थेने कारणं शोधली. काही कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. घरातल्या पुरुषांशी तर कुणी बोललंच नव्हतं, आणि निर्णय त्यांच्या हाती होता. मग कार्यकर्त्यांना या उपायामागचं शास्त्र समजावलं गेलं. बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू झालं. हळूहळू वापर वाढला.

१९९०पर्यंत ही शिकवण एक कोटी वीस लाखांच्या आसपास घरांत पोचली. आज जलसंजीवनी वापरण्यात बांगलादेश जगातल्या आघाडीच्या देशांत गणला जातो. तिथले बालमृत्यूही मोठ्या प्रमाणात घटले. अर्थात त्याचं सगळं श्रेय ब्रॅकचं नाही. त्यात लसीकरण आहे, मुलींचं शिक्षण आहे, सरकारी यंत्रणा आहे. प्रामाणिक मोजमापात हा वाटाही वेगळा मांडावा लागतो.

या इतिहासात मोजमापाच्या तीन पायऱ्या दिसतात. किती घरी गेलो, किती लक्षात राहिलं आणि वेळ आली तेव्हा किती जणांनी वापरलं. आपल्याकडचे बरेच अहवाल पहिल्याच पायरीवर थांबतात, कारण तिथला आकडा नेहमी मोठा असतो. तिसऱ्या पायरीवरचा आकडा लहान निघतो आणि तो संस्थेची अडचण करतो. ब्रॅकने तो लहान आकडा लपवला नाही, म्हणून काम सुधारता आलं. दोन टक्क्यांचा हिशेब मागताना आपणही त्याच आकड्याबद्दल विचारायला हवं.