कॉल कोणाच्या ताब्यात? संगणकीय दूरध्वनीच्या अभ्यासात शिरताना

बँकेचा नंबर लावला की ध्वनिमुद्रित आवाज भाषा विचारतो. आपण एक अंक दाबतो, निवेदन अर्ध्यावर थांबते आणि पुढचा प्रश्न येतो. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात अभ्यासण्याजोगे काही असेल असे सहसा मनात येत नाही. पण अंक दाबणे आणि निवेदन थांबणे या दोन क्षणांच्या मध्ये सॉफ्टवेअरला बरीच कामे उरकावी लागतात. आलेला ध्वनी बटनाचा आहे, बोलण्याचा नाही, हे ओळखायचे. आपल्याच निवेदनाचा प्रतिध्वनी त्या ओळखीच्या आड येऊ द्यायचा नाही. निवेदन थांबवायचे, अंक नोंदवायचा आणि एवढ्यात समोरच्याने फोन ठेवलाच, तर सगळे आवरून लाइन मोकळी करायची. तेही एकाच वेळी शेकडो लाइनींवर. ही कामे प्रत्येक प्रोग्रामरला मुळापासून करावी लागू नयेत म्हणून जे साधनसंच, म्हणजे टूलकिट, गेल्या चाळीस वर्षांत घडले, त्यांचा हा अभ्यास आहे.

सुरुवात बटनाच्या सुरापासून करणे योग्य. अमेरिकेतील बेल कंपनीने १९६३ साली बटनांचा फोन ग्राहकांना दिला, तेव्हा प्रत्येक अंकासाठी दोन सूर एकदम वाजवण्याची योजना केली. ‘५’ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ हे दोन सूर निघतात. सगळ्या वारंवारता अशा निवडल्या आहेत की एकही दुसरीच्या पूर्ण पटीत येत नाही, त्यामुळे माणसाचा आवाज किंवा संगीत चुकून अंक ठरण्याची शक्यता कमी होते. कमी होते, नाहीशी होत नाही. काहींच्या बोलण्यात क्षणभर नेमकी अशी जोडी उमटते आणि यंत्राला अंक ऐकू आल्याचा भास होतो. सूर ओळखण्यासाठी जेराल्ड गोर्ट्झेल यांची १९५८ ची गणिती रीत आजही वापरली जाते. ती ध्वनीचा सगळा वर्णपट काढत बसत नाही, हव्या तेवढ्याच वारंवारता तपासते. संगणक मंद होते त्या काळात ही काटकसर फार मोलाची होती.

१९८३ साली न्यू जर्सीत स्थापन झालेल्या डायलॉजिक कंपनीने हे गणित साध्या पीसीत बसणाऱ्या कार्डावर आणले. कार्डावरचा स्वतंत्र प्रोसेसर ध्वनीची कामे करी आणि प्रोग्रामरच्या हाती मोजक्या आज्ञा येत : फोन उचल, फाइल वाजव, अंक घे, मुद्रण कर, फोन ठेव. ही यादी कोणालाही सुचली असती. त्या संचाचा खरा कस मला दुसरीकडे दिसतो. प्रत्येक आज्ञेबरोबर ती केव्हा संपवायची याच्या अटींचा एक तक्ता द्यावा लागे. चार अंक आले की थांब. पाच सेकंद शांतता राहिली की थांब. लाइन तुटली की थांब. काही झाले नाही तरी तीस सेकंदांनी थांब. फोनवरच्या माणसाच्या वागण्याचा एवढा नेमका विचार त्या तक्त्यात आहे. तो नंब‍र विसरतो, शोधायला जातो, मध्येच ठेवून देतो, आणि सॉफ्टवेअरने हे सारे आधीच गृहीत धरलेले असावे लागते. नवशिक्याचा प्रोग्राम अडकतो तो बहुतेकदा सुटलेल्या अटीमुळे.

दुसरा धडा याच पिढीने दिला. एका लाइनीसाठी एक प्रक्रिया ठेवली तर प्रोग्राम वाचायला सोपा राहतो, पण लाइनी वाढल्या की यंत्र थकते. मग सगळ्या लाइनींच्या घटना एकाच रांगेत घ्यायच्या, प्रत्येक कॉल कोणत्या अवस्थेत आहे हे वेगळे लिहून ठेवायचे आणि आलेल्या घटनेनुसार त्याला पुढच्या अवस्थेत न्यायचे. वाट पाहण्यात कोणालाही गुंतवून ठेवायचे नाही. वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांना आज ही पद्धत परिचित आहे. टेलिफोनीवाल्यांना ती गरजेपोटी फार लवकर शिकावी लागली.

यानंतरचा प्रश्न कॉल कोणाच्या ताब्यात आहे हा. वर सांगितलेल्या प्रकारात संगणक स्वतःच कॉलचा एक पक्ष असतो, आवाज त्याच्यातूनच जातो. कॉल सेंटरमध्ये वेगळे घडते. बोलणारे दोघे माणसेच, आवाज कंपनीच्या एक्सचेंजमधून जातो, आणि संगणक बाहेर राहून एक्सचेंजला सांगतो की हा कॉल त्या टेबलावर दे, ग्राहकाची माहिती त्या पडद्यावर दाखव. युरोपातील एक्मा या संस्थेने १९९२ मध्ये अशा बाहेरून होणाऱ्या नियंत्रणाचे मानक काढले. पाठोपाठ १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी टॅपी हा कॉल-नियंत्रणाचा आज्ञासंच पुढे आणला. त्याच सुमारास नॉव्हेल आणि एटी अँड टी यांचे टीसॅपी आले, तर दशकाच्या उत्तरार्धात जावाचे जेटॅपी. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. जेटॅपीची मांडणी मात्र समजून घ्यावी असा माझा आग्रह आहे. तीत नंबर आणि उपकरण या दोन निरनिराळ्या वस्तू मानल्या आहेत. एक नंबर तीन फोनवर वाजू शकतो, एका फोनवर दोन नंबर असू शकतात. कॉल जोडला जातो नंबराशी आणि उचलला जातो उपकरणावर. हा भेद मनात ठसला की कॉल दुसऱ्याकडे वळवणे, ताटकळत ठेवणे, तिघांचे बोलणे जुळवणे या एरवी गोंधळाच्या गोष्टी उलगडतात.

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या छोट्या लिनक्स कंपनीसाठी एक्सचेंज हवे होते, पण विकत घेणे परवडत नव्हते. त्याने लिहिलेले सॉफ्टवेअर म्हणजे अॅस्टेरिस्क. जिम डिक्सन यांच्या झपाटा प्रकल्पाने त्याच सुमारास दाखवले की कार्डावर महागडा प्रोसेसर नसला तरी चालते, पीसीचा मुख्य प्रोसेसरच ध्वनीचे काम पेलू शकतो. हे दोन प्रयत्न एकत्र आले आणि दूरध्वनीचे ज्ञान मोठ्या कंपन्यांच्या दारातून बाहेर पडले. ओळ वाचता आणि ओळ लिहिता येणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेतून अॅस्टेरिस्कला आज्ञा देता येतात. इतके साधे दार ठेवले म्हणूनच विद्यार्थी आणि लहान संस्था या क्षेत्रात येऊ शकल्या, असे मला वाटते. पुढे २००६ मध्ये फ्रीस्विच हे याच प्रकारचे सॉफ्टवेअर जाहीर झाले. फोनवरचा संवाद लिहिण्याची व्हॉइसएक्सएमएल ही भाषा आणि इंटरनेटवरून कॉल जुळवणारी सिप पद्धत यांचा परामर्श पुढील प्रकरणांत आहे.

आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : टूलकिट बहुधा परदेशी सवयी घेऊन येतो. अमेरिकेत लाइन व्यस्त असल्याचा टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून होतो आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाजतो-थांबतो. भारतात तो ४०० हर्ट्झचा एकच सूर, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. जुन्या तांब्याच्या लाइनीवर समोरच्याने फोन ठेवल्याची खूण बहुतेकदा हा टोनच असे. अमेरिकी मापावर बसवलेल्या यंत्राला तो कळत नाही, ते टोनचेच मुद्रण करत राहते आणि लाइन अडकते. ध्वनीच्या नमुन्यांच्या संकेतनातही फरक आहे. सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, हे सगळीकडे सारखे. पण अमेरिका म्यू-लॉ वापरते आणि आपण ए-लॉ. सेटिंग चुकले तर आवाज खरखरीत येतो.

उलट काही कल्पना इथल्या गरजेतूनच बहरल्या. कॉल उचलण्याआधीच करणाऱ्याचा नंबर हाती येतो, एवढ्या एका गोष्टीवर मिस्ड कॉलची सेवा उभी आहे : घटना घ्यायची, नंबर नोंदवायचा, न उचलता कॉल तोडायचा. करणाऱ्याला पैसा पडत नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लोकांनी असाच पाठिंबा कळवला होता. २०१० मध्ये छत्तीसगडात सुरू झालेल्या सीजीनेट स्वरावर लोक साध्या फोनवरून आपल्या गावची बातमी बोलून नोंदवू लागले, गोंडीतूनही. आपल्या गडचिरोलीतही बोलली जाणारी ही भाषा फोनच्या पडद्यावर सहसा दिसत नव्हती, तेव्हा तिला फोनचा आवाज उपयोगी पडला. अशा सेवेचा प्रोग्राम लहान असतो. त्यासाठी लागते ती ऐकणाऱ्याची पारख : निवेदन किती लांब असावे, किती वेळ थांबावे, चुकीचा अंक आल्यावर काय बोलावे.

आज यंत्राशी थेट बोलता येते, अंक दाबावेच लागतात असे नाही. तरी थांबण्याच्या अटींचा जुना तक्ता संपलेला नाही. बोलणारा थांबला तो वाक्य संपले म्हणून की आठवत आहे म्हणून, हे ठरवणे अंक मोजण्याहून कितीतरी अवघड आहे, आणि मराठी बोलण्यातल्या विरामांवर या दृष्टीने व्हायला हवे असे पुष्कळ काम पडले आहे.

पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी एक प्रयोग करावा. साध्या लिनक्स यंत्रावर अॅस्टेरिस्क बसवावे, मोबाइलवर दोन सॉफ्टफोन, म्हणजे फोनचे काम करणारी अॅप, जोडावेत आणि एक निवेदन वाजवून चार अंक घेणारा दहाएक ओळींचा प्रोग्राम लिहावा. मग प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम फोन ठेवावा : निवेदनाच्या सुरुवातीला, दुसऱ्या अंकानंतर, मुद्रण चालू असताना. दर वेळी नोंदवहीत कोणती घटना आली, कोणत्या क्रमाने आली आणि कॉल खरोखर सुटला की नाही, हे लिहून काढावे. पहिल्या प्रकरणातील अवस्थांचा आराखडा त्या टिपणांशेजारी ठेवून वाचावा.