मोटारीची कांति आणि तिचे ओरखडे

जळगांवांत किंवा धुळ्यांत सकाळीं सातच्या सुमारास कोणत्याहि वसाहतींतून फेरी मारली, तर एक दृश्य हटकून दृष्टीस पडतें. अंगणांत मोटार उभी असते, तिच्या टपावर रात्रभराची बारीक धूळ बसलेली असते, आणि घरांतील कोणीतरी कोरडें फडकें फिरवून ती पुशीत असतें. गाडीवर माया असल्याशिवाय हें नित्यकर्म कोणी करीत नाहीं. परंतु त्याच गाडीचें बॉनेट दोन वर्षांनीं भर उन्हांत पाहावें. सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वलयें उमटलेलीं दिसतात. तीं अपघातानें आलेलीं नसतात, कीं जुनेपणानेंहि नाहीं. बहुतेक तीं त्या फडक्याचीं असतात.

हे ओरखडे वस्तुतः वर्तुळाकार असतातच असें नाहीं. ते सर्व दिशांनीं पसरलेले असतात. त्यांतील जे प्रकाशकिरणांस आडवे पडतात तेवढेच डोळ्यांकडे उजेड परतवितात, आणि म्हणून दिव्याभोंवतीं वलयांचा भास होतो. दिवा हलविला कीं वलयेंहि त्याच्याबरोबर हलतात.

दोष एकट्या फडक्याचा नव्हे, त्याखालीं सांपडलेल्या कणाचा आहे. १८१९ सालीं कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें खानदेशच्या कारभाराचें मुख्य ठाणें केलें. मुंबई-आग्रा रस्ता तेथून जातो. सुरतेहून नागपुराकडे जाणारा रस्ता त्यास तेथेंच छेदून पुढें जळगांवावरून जातो. या वाटांवर काळवत्री दगडाची खडी पडते, चाकांखालीं भरडली जाते आणि तिची कच वाऱ्यावर उडते. रंगाच्या मानानें हा कण फारच कठीण. (धुळ्याच्या नांवावर कोटी करण्याचा मोह येथें आवरलेला बरा.)

मोटारीच्या कांतीचा इतिहास खानदेशच्या दोन पिकांशीं येऊन भिडतो. पहिलें पीक जवस. घोड्यांच्या बग्ग्यांवर व पहिल्या मोटारींवर जें रोगण चढे तें जवसाच्या तेलांत कोपल नांवाची राळ शिजवून केलेलें असे. एकोणिसाव्या शतकांत युरोपास जवस पुरविणाऱ्या देशांत हिंदुस्थान प्रमुख होता, आणि खानदेशच्या तेलबियांत तिळाच्या जोडीस जवसाचें नांव घेतलें जाई. थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळूं द्यावयाचा, मग तो घासून पुढचा द्यावयाचा. यांत आठवड्यामागून आठवडे जात. रोगण पिवळें पडे, तडकेहि, आणि मग तें पुन्हां चढविण्यावांचून गत्यंतर नसे. १९१४ ते १९२५ पर्यंत फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या केवळ काळ्या निघत.

दुसरें पीक कापूस. १८६२ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस बंद झाला आणि जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. त्यापूर्वींच, १८४६ च्या सुमारास, शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला होता. पहिल्या महायुद्धांत त्याच्या बंदुकीच्या दारूचे प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि युद्ध संपतांच त्यांच्या मालास दुसरें गिऱ्हाईक शोधणें भाग पडलें. १९२३ सालीं ड्यू पाँ कंपनीनें ‘ड्यूको’ हें कापसापासून केलेलें लॅकर बाजारांत आणलें. १९२४ च्या ओकलंड गाड्या त्यानें रंगल्या. आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. जळगांवचा कापूस अमेरिकेच्या गाड्यांवर चढला असें कोणी म्हणणार नाहीं. पण सरकीला चिकटून राहणाऱ्या ज्या आंखूड तंतूंपासून असा पदार्थ होतो, ते येथील प्रत्येक जिनिंगवाल्याच्या ओळखीचे आहेत. या लॅकरास आपोआप झळाळी येत नसे; तें कंपाउंडनें घासावें तेव्हांच चमके. रंग आणि चमक तेव्हां एकाच थरांत असत. जुनी अॅम्बॅसिडर पॉलिश करतांना फडक्यास गाडीचा रंग लागे, तो त्यामुळेंच.

१९७० नंतरच्या दशकांत परदेशीं, आणि पुढें हिंदुस्थानांतहि, रंग व चमक यांची फारकत झाली. खालीं रंगाचा पातळ थर, त्यावर पारदर्शक लेप. हाच गॅरेजांतला ‘क्लिअर कोट’. त्याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन असते. मनुष्याचा केंस याहून जाड असतो. आतां घासलें तर फडकें पांढरेंच राहतें, आणि कांहीं खर्च झालें याचा पत्ताच लागत नाहीं.

खरी गोम येथेंच आहे. ओरखडा ‘काढणें’ म्हणजे तो भरणें नव्हे. त्याच्या तळापर्यंत भोंवतालचा लेप उतरविणें होय. जळगांवच्या सराफ्यांत दागिन्यास उजाळा देतांनाहि सोन्याचा अंश झिजतो. पण तेथील केरकचरा झारेकरी धुऊन पाहतो व सोनें परत मिळवितो. गाडीच्या लेपाचा झारेकरी कोणी नाहीं.

म्हणून जाणता कारागीर प्रथम नख फिरवून पाहतो. नख अडकलें तर ओरखडा खोल आहे. तो पुरता काढण्याचा हट्ट धरला तर लेप फाटण्याची भीति. नख अडकलें नाहीं तर गाडी पाण्यानें निर्मळ धुऊन, सावलींत, पत्रा थंड असतांना, सौम्य पॉलिशनें आरंभ करावा. तेवढ्यानें भागलें तर कंपाउंडास हात लावूं नये. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर हा शेवटचा उपाय. कडांवर लेप पातळ असतो, तेथें बफ टेंकवूं नये. काम झाल्यावर तेलकटपणा पुसून पाहावें, कारण कित्येक पॉलिशें ओरखड्यांत तेल भरून ते झांकतात आणि चार धुण्यांनंतर जाळें पुन्हां उघडें पडतें.

दरवर्षीं दसऱ्याच्या पूजेपूर्वीं गाडी घासून आणण्याची हौस म्हणूनच महाग पडते. खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो; सूर्याच्या जंबुपार किरणांपासून रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच लेपांत असतात, व लेप जितका झिजतो तितकें तें कवच पातळ होतें. मग एखाद्या वर्षीं टपावर पांढुरका चट्टा दिसूं लागतो, त्याच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटतात. तेथें पॉलिश चालत नाहीं. तेवढा भाग खरवडून, नवा रंग व नवा लेप फवाऱ्यानें मारावा लागतो, आणि शेजारच्या जुन्या रंगाशीं तो जुळवितांना रंगाऱ्याची कसोटी लागते.