साधने आणि निबंध : लेक्सिंग्टनच्या जबान्यांचा धडा

इतिहास शिकविणे म्हणजे पूर्वी काय घडले हे सांगणे, अशी समजूत शाळांतून दृढ झालेली आहे. ते आपणांस कशावरून कळले, हा प्रश्न बहुधा पदव्युत्तर वर्गासाठी राखून ठेवला जातो. माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांतील निवडक विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न परीक्षेच्या रूपाने मांडण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. त्यात काय साधले व काय निसटले, याचा विचार इतिहासाच्या अध्यापकांस उपयुक्त होईल, असे वाटते.

महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यास शाळेतच पुरा करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथील कॉलेज बोर्ड ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाच्या परीक्षा घेते. त्यांपैकी अमेरिकेच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत साधनाधिष्ठित निबंधाचा प्रश्न प्रथम १९७३ साली आला. आज त्याचे स्वरूप असे आहे : विद्यार्थ्यापुढे ७ कागद ठेवले जातात, वाचन धरून सुमारे एका तासात निबंध लिहावयाचा असतो, गुण एकंदर ७. एक गुण प्रतिपाद्य सिद्धान्तास, एक काळाच्या संदर्भास, दोन दिलेल्या कागदांच्या आधारास, एक कागदांबाहेरील पुराव्यास, एक साधनचिकित्सेस आणि एक विषयाची गुंतागुंत ओळखण्यास. योजना सुबक आहे यात शंका नाही. तथापि या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी प्रथम जे लिहितो ते निबंध नसून जंत्री असते : पहिला कागद असे म्हणतो, दुसरा तसे म्हणतो, तिसरा पहिल्याशी सहमत आहे. कागद बोलतात आणि लेखक गप्प बसतो.

याचे कारण सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चांगले दिसते. त्यांनी ८ इतिहासकार व ८ शालेय विद्यार्थी यांस लेक्सिंग्टनच्या चकमकीचे तेच ते कागद वाचावयास दिले. इतिहासकारांतील कित्येकांचा अमेरिकन क्रांती हा विषय नव्हता. तरीही कागद हाती येताच तो कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिला, हे ते आधी पाहात. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ्यपुस्तकाप्रमाणे वाचीत जात; लेखकाचे नाव त्यांच्या लेखी केवळ तळटीप होती. अंतर माहितीचे नव्हते, वाचनाच्या रीतीचे होते.

हेच उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. १९ एप्रिल १७७५ रोजी पहाटे लेक्सिंग्टन गावच्या मैदानावर इंग्रज पलटण आणि कॅप्टन जॉन पार्कर याचे गावकरी पथक समोरासमोर आले. गोळीबार झाला व ८ गावकरी पडले. पहिली गोळी कोणाची, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत मिटलेला नाही.

२५ एप्रिल रोजी पथकातील ३४ जणांनी शपथेवर एकत्र जबानी दिली की, पलटणीने गोळ्या झाडण्यापूर्वी आपल्यापैकी कोणी बार काढल्याचे आम्हांस ठाऊक नाही. या जबान्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक परिषदेने घेवविल्या आणि जलद जहाजाने इंग्लंडास धाडल्या. सेनापती गेज याच्या अहवालापूर्वी त्या तेथे पोचल्या. उलट पक्षी लेफ्टनंट जॉन बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत लिहिले की, आम्ही जवळ जाताच त्यांनी एकदोन बार काढले.

येथे सामान्य विद्यार्थी लिहितो : ‘दोन्ही साक्षी पक्षपाती आहेत, म्हणून सत्य सांगता येत नाही.’ हे वाक्य चिकित्सेचे नव्हे, आळसाचे आहे. त्याच रोजनिशीत बार्कर हेही नमूद करतो की, आमचे शिपाई हुकमावाचून धावून गेले व कोणाचा हुकूम ऐकेनात. स्वपक्षास उणेपणा आणणारे हे विधान तो विनाकारण करणार नाही. म्हणून त्याच लेखकाचे एक वाक्य दुसऱ्यापेक्षा अधिक ग्राह्य ठरते. पक्षपात ओळखला म्हणजे कागद टाकावयाचा नसतो. तेथून त्याचे तोलमाप सुरू होते.

पुढे ५० वर्षांनी एक नवे साधन निर्माण झाले. प्रतिकाराचा पहिला मान लेक्सिंग्टनचा की शेजारच्या काँकर्डचा, असा तंटा १८२४ च्या सुमारास उद्भवला. लेक्सिंग्टनच्या बाजूने एलायस फिनी यांनी १८२५ साली हयात वृद्धांच्या जबान्या छापल्या. त्यांत आपल्या लोकांनी उलट गोळ्या झाडल्याचे ठासून सांगितले आहे. १७७५ मध्ये गावास निरपराध दिसावयाचे होते, १८२५ मध्ये शूर दिसावयाचे होते. चित्रांतही हाच पालट झाला : १७७५ च्या डूलिटलच्या चित्रात पांगणारे गावकरी आहेत, तर १८८६ च्या सँडहॅमच्या चित्रात ते खंबीरपणे उभे राहून लढत आहेत.

या ठिकाणी विद्यार्थ्यास एक महत्त्वाची गोष्ट दाखविता येते. कागद सर्वथा विश्वसनीय किंवा सर्वथा अविश्वसनीय असा नसतो. त्याचे प्रामाण्य प्रश्नावर अवलंबून असते. पहिली गोळी कोणाची, या प्रश्नाला १८२५ च्या जबान्या दुर्बल आहेत. परंतु स्वतंत्र झालेल्या पिढीला आपला आरंभ कसा आठवावासा वाटत होता, या प्रश्नाला त्यांच्याइतके सबळ साधन क्वचितच मिळेल. म्हणून त्याच कागदांवर दोन निराळे प्रश्न देऊन दोन निबंध लिहवून घेणे, हा मला सर्वांत फलदायी अभ्यास वाटतो. त्याआधी विद्यार्थ्याने आपला सिद्धान्त एका वाक्यात लिहावा आणि त्याच्या विरुद्ध जाणारा कागद कोणता, हे स्वतःच दाखवावे. विरुद्ध कागद सापडत नसेल तर बहुधा सिद्धान्तच पोकळ असतो.

परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्यातील कागद परीक्षकाने निवडलेले व बहुधा कातरलेले असतात. दप्तरात कागद शोधणे, तो न सापडणे, सापडलेला बनावट ठरणे, हे कष्ट विद्यार्थ्यास कळत नाहीत. शिवाय गुणांचा तक्ता पाठ झाला की चिकित्साही पाठ होते. यास उतारा एकच : अध्यापकाने वर्षातून एकदा तरी संपूर्ण, न कातरलेला कागद वर्गात आणावा आणि या संचात कोणता कागद असावयास हवा होता, हे विचारावे.

महाराष्ट्रास हा विचार परका नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा समकालीन पत्रांच्या कसोटीवर उत्तरकालीन बखरींची परीक्षा मांडली. त्या परंपरेत आपण बखरीला दूषण देण्यास लवकर शिकलो; बखर कोणत्या प्रश्नाचे उत्तम उत्तर देते, हे विचारण्यास मात्र उशीर झाला. तो प्रश्न संशोधकाच्या टेबलावरून शाळेच्या बाकापर्यंत नेणे, हे अध्यापकाचे काम आहे.