चांदीचा डोंगर आणि कर्जबाजारी राजा

घरात चांदी आली की लक्ष्मी आली, असे आपण धरून चालतो. देशाच्या बाबतीत हा हिशेब किती चुकतो, ते सोळाव्या शतकातल्या स्पेनकडे पाहिले की कळते. काही देश श्रीमंत का होतात आणि काही गरीब का राहतात, याची उत्तरे हवामान, धर्म, माणसांचा स्वभाव अशी नाना ठिकाणी शोधली जातात. आम्हाला मात्र स्पेनच्या जमाखर्चाच्या वह्या जास्त बोलक्या वाटतात.

1545 मध्ये आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटर उंचीवर, पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली. त्यात स्पेनच्या राजाचा पाचवा हिस्सा. ओसाड माळावर शहर उभे राहिले आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची वस्ती दीड लाखाच्या घरात गेली. युरोपातही तेवढी शहरे मोजकीच होती. चांदी काढत ती वेठबिगारीने. 'मिता' नावाच्या पद्धतीत ठरावीक मुलखातल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने खाणीत पाठवावा लागे. खनिजातून चांदी वेगळी करायला पारा वापरत. दरडी, धूळ आणि पाऱ्याचे विष यांनी माणसे मरत, आणि गावाला दुसरी पाठवावी लागत.

इतकी चांदी येत असूनही राजा दुसरा फिलिप याने 1557, 1575 आणि 1596 मध्ये सावकारांची देणी थांबवली! जहाजांचा ताफा सेव्हिलला लागायच्या आधीच ती चांदी जेनोआच्या सावकारांकडे गहाण पडलेली असे, कारण लढाया थांबत नव्हत्या. देशात महागाई वाढली, स्पेनमधल्या मालापेक्षा परदेशी माल स्वस्त पडू लागला, आणि विणकर बसले. ज्यांच्याकडे पैसा होता ते कारखाना काढण्याऐवजी सरकारी रोखे घेत, करमाफीचा सरदारी किताब मिळवत, नाहीतर सरकारी पद विकत घेत. आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत. पद विकत घेतलेला माणूस खुर्चीवर बसल्या दिवसापासून कोणता हिशेब मांडतो, ते वाचकांना सांगायला नको. त्यात 1609 ते 1614 या काळात मुसलमान पूर्वजांच्या सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढले. त्यांत बागाईत करणारे आणि कारागीर पुष्कळ होते. सेल्लोरिगो नावाच्या स्पॅनिश वकिलाने तर 1600 सालीच लिहून ठेवले होते की स्पेन गरीब आहे तो त्याच्या श्रीमंतीमुळे. दरबाराने त्यातून काही घेतले नाही.

1575 च्या दिवाळखोरीचा एक परिणाम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने पुढच्याच वर्षी अँटवर्प लुटले. हे शहर स्पेनच्याच राज्यातले, आणि साऱ्या युरोपच्या व्यापाराचे नाक. 1585 मध्ये स्पेनने ते बंडखोरांकडून परत जिंकले, तेव्हा व्यापारी, विणकर, छापखानेवाले हजारोंनी उत्तरेकडे निघाले. बरेचसे आम्स्टरडॅमला गेले.

त्या उत्तरेकडच्या हॉलंडजवळ चांदीची एक खाण नव्हती, आणि बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली. त्यांनी हेरिंग मासे खारवून विकले, पवनचक्कीवर लाकूड कापले, थोड्या खलाशांत चालणारी स्वस्त जहाजे बांधली. 1609 मध्ये आम्स्टरडॅमची बँक निघाली. तिथे नाणे वजनावर आणि कसावर जमा होई, त्यामुळे खोट्या नाण्याची भीती गेली. पण आमच्या मते खरी गोम सरकारी कर्जात आहे. कर किती बसवायचा हे ठरवणाऱ्या नगरसभांत बसत ते व्यापारी, आणि सरकारला कर्ज देत तेही बहुधा तेच. आपलेच पैसे कोण बुडवील? म्हणून सतराव्या शतकाच्या मध्यास हॉलंडला चार टक्क्यांनी कर्ज मिळत होते आणि बलाढ्य स्पेनला मात्र सावकारांच्या विनवण्या कराव्या लागत. हे डच लोक पुण्यात्मे होते असे नव्हे. 1621 मध्ये जायफळासाठी त्यांनी बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली किंवा हुसकली. सचोटी होती ती आपसांतली.

स्पेनची चांदी अशी हातोहात आम्स्टरडॅमकडे गेली. तिथून, लंडनहून आणि इतर वाटांनीही, ती सुरतेस येई आणि टाकसाळीत वितळून तिचे मोगली रुपये पडत. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला तेव्हा सुरत ज्या व्यापारावर गबर झाली होती, त्याचे एक टोक पोटोसीच्या खाणीत होते.

तो डोंगर आज बोलिव्हियाच्या राजचिन्हावर आहे, आणि बोलिव्हिया दक्षिण अमेरिकेतल्या गरीब देशांत मोडतो. ज्या मुलखातून वेठीला माणसे नेत, तिथली गावे शेजारच्या गावांपेक्षा आजही गरीब आहेत. पोखरून पोखरून डोंगराचे शिखर खचू लागले आहे. 2014 मध्ये युनेस्कोने पोटोसीचे नाव धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत घातले. खाणकामगार अजूनही आत जातात, उरलीसुरली चांदी, कथील आणि जस्त काढायला.