चित्रातला घोडा आणि पडद्यावरचा गॉलम

साहित्यशास्त्राच्या वर्गात रसचर्चा सुरू झाली की श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय हमखास येतो. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो, पण हे ज्ञान नेमके कोणत्या प्रकारचे, असा नवव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताचा प्रश्न होता. ते सम्यक् ज्ञान नव्हे. त्या घोड्यापुढे कोणी वैरण टाकत नाही. ते मिथ्याज्ञानही नव्हे. मागाहून 'अरे, फसलो' असे कोणाला वाटत नाही. 'घोडा आहे की नाही' हा संशय तिथे नसतो आणि 'घोड्यासारखे काहीतरी आहे' असे सादृश्याचे भानही नसते. रामाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी प्रेक्षकाला येणारी प्रतीती अशीच या चारही प्रकारांहून निराळी असते, असे शंकुक सांगतो.

काही वर्षांपूर्वी नांदेडला हा भाग शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, मग जुन्या सिनेमातली काही कॉम्प्युटरची पात्रं अजून खरी वाटतात आणि नव्यातली कितीतरी खोटी वाटतात, ते कसं?" वर्ग हसला, मीही हसण्यावारी नेले. ज्या गावात पीपल्स कॉलेजच्या नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा आजच्या प्रश्नांशी सांधा जुळवून दाखवला, तिथे हा प्रश्न असा टाळायला नको होता. हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर.

सुरुवात १९९३ पासून करू. त्या वर्षी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'जुरासिक पार्क' आला. पुढच्या वर्षी तो हिंदीत बोलू लागला आणि आपल्याकडेही पोचला. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात डायनोसॉर दिसतात ते सुमारे पंधरा मिनिटे, आणि त्यांतही संगणकावर घडवलेले जेमतेम सहा मिनिटे. उरलेले काम स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी बांधलेल्या यांत्रिक देहांचे. टी-रेक्सचा तो प्रसिद्ध प्रवेश रात्रीचा आहे आणि पाऊस कोसळतो आहे. संगणकाला तेव्हा जे जमत नव्हते, ते अंधाराने आणि पावसाने झाकले. प्राण्यांच्या हालचाली ठरवायला फिल टिपेट यांच्यासारखे, बाहुल्या एकेक चौकट हलवून जिवंत करणारे जुने जाणकार होते. यंत्र नवे होते, पण हात मुरलेले होते.

त्याच वर्षी मराठीत महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. त्यातला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि खेळवलेला बाहुला. संगणकाचा त्याच्याशी संबंध नाही. लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत तंबूत बसून तो पाहिल्याचे मला आठवते. बाहुल्याचा जबडा लाकडी चालीने उघडतो आणि मिटतो, हे पोरासोरांनाही दिसत होते. तरीही तंबूत भीती होती. तिचे कारण बाहुल्याइतकेच लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या डोळ्यांत होते. समोरचा नट त्या बाहुल्याकडे जिवंत माणसाकडे पाहावे तसे पाहतो, त्याला घाबरतो, त्याच्याशी भांडतो; आणि आपण नटाच्या नजरेवर विश्वास ठेवून बाहुल्यापर्यंत पोचतो.

'द टू टॉवर्स' (२००२) मधल्या गॉलमचे रहस्यही पुष्कळसे इथेच आहे. अँडी सर्किस हा नट चित्रीकरणाच्या जागी प्रत्यक्ष हजर होता. एलायजा वूड आणि शॉन ॲस्टिन यांनी मोकळ्या हवेशी संवाद केला नाही. त्यांची झटापट, त्यांचा तिटकारा आणि त्यांची कणव एका सदेह माणसाशी होती. मागाहून सर्किसच्या हालचाली पुन्हा टिपल्या गेल्या आणि चेहऱ्यावरचे भाव ॲनिमेशनकारांनी हाताने घडवले. त्वचेसाठीही नवी युक्ती होती. अंधारात पंजामागे विजेरी धरली तर बोटांच्या कडा लालसर उजळतात, कारण प्रकाश कातडीच्या आत शिरून विखुरतो. हे गणित गॉलमच्या कातडीत उतरवल्यामुळे ती मेणाची वाटली नाही.

पण तंत्र एवढेच कारण असते, तर २००१ चा 'फायनल फँटसी' आजही खरा वाटायला हवा होता. त्यातल्या नायिकेच्या डोक्यावर सुमारे साठ हजार केस संगणकाने एकेक करून वागवले होते. तरीही ती नजर रिकामी वाटते. इथे शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप उपयोगी पडतो. अभिनवगुप्ताच्या या गुरूने विचारले, की नट रामाचे अनुकरण करतो म्हणता, पण रामाला पाहिले आहे कोणी? मूळ ठाऊक नसेल तर अनुकरण ओळखायचे कसे?

हा आक्षेप उलटा धरला की कोडे सुटते. डायनोसॉर कोणी पाहिलेला नाही, गॉलम पाहिलेला नाही. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या दुसऱ्या भागातला (२००६) अष्टपादाची दाढी असलेला डेव्ही जोन्स तर कोणाच्याच ओळखीचा नाही. त्याचे ओलसर डोळे बिल नाय या नटाचेच आहेत असे अनेकांना वाटले, प्रत्यक्षात तेही संगणकाचे होते. उलट माणसाचा चेहरा आपण जन्मल्यापासून वाचत आलो आहोत. तिथे मूळ ठाऊक असते, तुलना सुरू होते, आणि शंकुकाने दूर ठेवलेले सादृश्याचे भान परत येते. हुबेहूबपणाच्या अगदी जवळ आलेली आकृती अचानक नकोशी होते, हे जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले होते.

आपल्या चित्रपटाच्या आद्य पुरुषाला हे उमगले होते असे वाटते. दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'च्या (१९१९) आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिचा चेहरा दिसतो, एकामागून एक भाव पालटणारा. ही एक लहान मुलगी आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले आहे. मग तीच कृष्ण होऊन कालियाशी झुंजते आणि प्रेक्षक तिला कृष्ण मानतो. युक्ती लपवलेली नाही, तरी प्रतीती उणावत नाही. चित्रातला घोडा हाच.

हा प्रश्न आता करमणुकीपुरता राहिलेला नाही. कोणाचाही चेहरा आणि आवाज घेऊन, न बोललेले बोल त्याच्या तोंडी घालणाऱ्या चित्रफिती आज सहज बनतात आणि भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरतात. त्यांना हुबेहूबपणाच हवा असतो, कारण प्रेक्षकाला मिथ्याज्ञानात लोटणे हेच त्यांचे काम. त्यांच्या बाबतीत 'अरे, फसलो' हा क्षण येतो, किंवा कधी येतच नाही. गॉलमने किंवा तात्या विंचूने आपल्याला असे कधी फसवले नाही. ते खोटे आहेत हे आपल्याला ठाऊक होते, त्यांच्या कर्त्यांनाही ते ठाऊक होते, आणि तरीही दोघांनी मिळून त्यांना काही काळ जगू दिले.

त्या विद्यार्थ्याला आज सांगेन, की जी जुनी पात्रे टिकली, ती घडवणाऱ्यांनी यंत्राची मर्यादा ओळखून तिच्याभोवती प्रसंग बांधला म्हणून टिकली. अंधार, पाऊस, समोरच्या नटाची नजर ही त्या बांधणीची सामग्री होती. मर्यादेतून आकार काढणे आपण वृत्ताच्या आणि ओवीच्या अभ्यासात शिकतोच. चित्रतुरगन्याय अभ्यासक्रमात जुना म्हणून ठेवलेला असेल. आजच्या दिवसांत तो पुन्हा नीट शिकवावा लागेल.